कपाटातली सहा खाचांची बाटली

भुताखेतांच्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलो. या सदरातले अनुभव नातसून वाचून दाखवते, तेव्हाही हसतो. पण सत्त्याऐंशी वर्षांचा झालो... एक गोष्ट सांगून टाकायला हवी.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. जामखेडच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर. पातळ औषधाच्या बाटलीवर आम्ही खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवायचो — एक खाच, एक डोस.

भिवा नावाच्या शेतकऱ्याला डोक्याचा विकार होता. औषध चुकलं की समोर कोण आहे, तेच त्याला कळायचं नाही. त्याची बायको सखू सकाळ-संध्याकाळ खाचेवर बोट ठेवून मोजून पाजायची. त्यानं तोंड फिरवलं की म्हणायची, "घ्या गपगुमान. न्हाईतर आज कुऱ्हाड मी उचलते, अन् तुमीच भ्या." तो हसून प्यायचा.

एकदा नवी बाटली त्यांच्या वस्तीवर पोचवायचं काम डॉक्टरांनी मला दिलं. मी ती माझ्या खोलीतल्या कपाटात कुलपात ठेवली आणि कुस्त्या बघायला गेलो. उद्या देऊ, उद्या देऊ करत तीन दिवस गेले.

चौथ्या सकाळी भिवानं सखूला कुऱ्हाडीनं तोडलं. मी डॉक्टरांबरोबर पंचनाम्याला गेलो होतो. खाचेवर ठेवायचं ते बोट उंबऱ्यापाशी वेगळं पडलं होतं.

फौजदारांना मी सांगितलं — बाटली दिली होती, तिनंच हयगय केली. चितेपाशी तिचा सख्खा भाऊ तिलाच बोल लावत होता. मी माणसांच्या मागे सरकलो.

कोठडीत भिवानं एका शिपायाचा कान दातांनी तोडला. गजांवर डोकं आपटून ते रक्तानं माखवले. औषध घेऊन जवळ जायची कुणाची छाती होईना.

त्या संध्याकाळी मी कपाट उघडलं. औषध एक खाच उतरलेलं. बूच घट्ट, किल्ली माझ्या जानव्याला. सकाळी आणखी एक खाच... तिसऱ्या सकाळी सहावी खाच उतरली, बाटली कोरडी.

भिवा शांत झालाय, असा निरोप आला. नवी बाटली घेऊन मी गेलो. डोक्याला फडकं बांधून तो भिंतीशी बसला होता.

"सखू येती दोन्ही वक्ताला. पाजून जाती," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हळूच, "कंपोंडरसायब, तुमच्या कपाटातली सरली म्हनं."

तेव्हाही मी खरं बोललो नाही.

आज लिहितो — बाटली मी दिलीच नव्हती. सखूनं कधीच हयगय केली नाही. कुलपातलं औषध कुठं गेलं, ते मात्र मला अजूनही सांगता येत नाही.