फुटाळ्याच्या काठी ताईची स्कूटर

संधिवाताने माझी थोरली बहीण घरात बसली, तेव्हा तिला सगळ्यांत जास्त खुपलं ते फिरणं बंद झाल्याचं. कोराडीच्या कॉलनीत होती तोवर ती भाजीला पायी जायची आणि येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायची. भाऊजी गेल्यावर ती नागपुरात माझ्याकडे राहायला आली. हळूहळू खोली आणि गॅलरी एवढंच तिचं जग उरलं. व्हीलचेअरला तिने साफ नकार दिला. "कोणी मागून ढकलणार अन् मी नुसती बसून राहणार? मले नाही जमत."

मग भाचीने बॅटरीवर चालणारी स्कूटर पाठवली. खुर्चीसारखं आसन, पुढे हँडल, चार छोटी चाकं. घडी केली की कारच्या डिक्कीत मावायची. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सराव झाला आणि ताईने जाहीर केलं, "आता फुटाळा."

थंडीतली संध्याकाळ होती. तलावाकाठी गर्दी होती, आणि फूटपाथच्या तोंडाशीच मोटरसायकली चढू नयेत म्हणून रोवलेले लोखंडी खांब. स्कूटर अडली.

"ताई, जाऊ दे. कारमधून पाहू," मी म्हटलं.

"काहून वं? पाणी तर समोरच दिसून राहिलं."

तिने स्कूटर वळवली आणि हॉर्न वाजवत रस्त्याच्या कडेकडेने निघाली. मी घाबरून मागे पळत होते. पुढे एका चहाच्या टपरीजवळ तिला फूटपाथवर चढायला उतार सापडला. तिथून ती सुटलीच. मनात येईल तिथे थांबायची, बदकं पाहायची, पुन्हा निघायची. किती तरी दिवसांनी कुठे थांबायचं ते तीच ठरवत होती.

परतताना एका उभ्या कारमधून एक म्हातारे गृहस्थ तिच्याकडे एकटक पाहत होते. ताई सरळ काचेपाशी गेली.

"आवडली का गाडी?"

ते ओशाळले. "अर्धांग झालं. डावी बाजू गेली. सून आणते, मी इथूनच तलाव पाहतो."

"ही उजव्या हाताने चालते. बसा."

सून गडबडली. "काकू, पडले तर?"

"तू सोबत चाल ना वं."

माझा हात धरून ताई उतरली आणि कठड्यावर बसली. आम्ही दोघींनी त्यांना स्कूटरवर बसवलं. आधी स्कूटर धक्के खात सरकली, मग नीट चालू लागली, आणि बघता बघता सुनेला पळावं लागलं. दोघं गर्दीत दिसेनाशी झाली.

दगड गार होता. ताईचे गुडघे ठणकत असणार, चेहऱ्यावर कळत होतं. "बोलावून आणू का?" मी विचारलं.

"नको. त्यायले कसं वाटून राहिलं असल, मले माहीत आहे."

ज्या गोष्टीसाठी ती इतके दिवस तळमळली, ती तिने पहिल्याच संध्याकाळी परक्याच्या हाती दिली होती. मला हे सुचलंही नसतं.

ते परतले तेव्हा त्यांचा मफलर सुटला होता. आभार वगैरे काही नाही, पहिलाच प्रश्न, "कुठे मिळते ही?"

आता त्यांच्याकडेही तशीच स्कूटर आहे. रविवारी दोघं काठाने शेजारी-शेजारी जातात, आणि कोणाची जास्त पळते यावर भांडतात. सून आणि मी मागे राहतो.