रुखवत करणाऱ्या चाची

"दमले गं बाई," असं म्हणून चाची कामाला बसायच्या. माणसं काम झाल्यावर दमतात, चाची आधीच दमून घ्यायच्या. गुडघ्यावर हात टेकून खाली बसायचं, भिंतीला पाठ लावायची, एक उसासा सोडायचा आणि मग कात्री मागायची. त्यानंतर दोन-तीन तास त्या दमण्याचं नावही काढत नसत.

बारामतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं. मागे एक खोली, तेच घर. सकाळी चाची दुकानातली काज-बटणं करायच्या, दुपारी स्वयंपाक उरकून रुखवताला बसायच्या. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. लग्नात रुखवत मांडलं की बाजूला पाटी लागे, 'वधूने स्वहस्ते केले'. तुम्हीही ती वाचली असेल. आमच्या गल्लीपुरतं सांगायचं तर त्या पाट्या बहुतेक खोट्या होत्या. हात चाचींचे असत.

कुणाच्या हातात रिकामी काड्यापेटी दिसली की त्या म्हणायच्या, "टाकू नगं, हिकडं दे." फुटक्या बांगड्यांचा मोर व्हायचा, उडालेल्या बल्बची कोंबडी व्हायची, जुन्या लग्नपत्रिकांच्या सोनेरी कडा कापून तोरण व्हायचं. दोऱ्याची रिकामी रिळं, चिंचोके, इंजेक्शनच्या बाटल्या, दुकानातलं कातरण, सगळं एका पोत्यात जायचं. एकदा बाटली छान दिसली म्हणून त्यांनी चाचांचं खोकल्याचं औषध भांड्यात ओतून ठेवलं. चाचा दिवसभर खोकत ते भांडं शोधत होते.

त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर मात्र कॅलेंडरशिवाय काही नव्हतं. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "झाडायला लागतं, बाई."

माझं लग्न इंदापुरात ठरलं. माझ्या हातात कला नावालाही नाही. चाचींनी दोन दिवस मला शिकवून पाहिलं, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू चहा कर." मग त्यांनी एकटीनं सगळं रुखवत केलं. त्यात उसाने भरलेली बैलगाडी होती. आइस्क्रीमच्या काड्यांची साटी म्हणजे गाडीचा सांगाडा, रिळांची चाकं आणि वर उसाच्या तुऱ्याचे कापलेले तुकडे. मांडवात त्या गाडीभोवती ही गर्दी! सासूबाईंनी येईल त्या पाहुण्याला हाताला धरून ती दाखवली आणि सून गुणाची मिळाली म्हणून सांगितलं. मी मान खाली घालून उभी. लोकांना वाटलं, नवरी लाजतेय.

दीड वर्षाने नणंदेचं लग्न निघालं. रुखवत आमची सून करेल, असं सासूबाईंनी व्याह्यांना सांगूनही टाकलं. मी माहेरचं निमित्त काढून बारामतीला गेले. चाची आता खरंच थकल्या होत्या. तयार कपडे आल्यापासून दुकान मंदावलं होतं, त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला होता. ते पाहून मला विचारवेना. मी रडायलाच लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कंदी यायचं ते सांग."

ठरल्या दिवशी इंदापूरच्या स्टँडवर त्या एसटीतून उतरल्या. वाटेतल्या निमगाव केतकीपर्यंत उभ्यानेच आल्या होत्या. उतरल्या त्या पोत्यावरच बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

माहेरच्या शेजारच्या चाची माझ्या मदतीला आल्यात, असं मी घरात सांगितलं. माजघरात चार दिवस आमचं काम चाललं. म्हणजे त्यांचं. कुणी आत आलं की त्या कात्री माझ्या हातात सरकवायच्या आणि स्वतः खळ ढवळत बसायच्या. अंगठा दुखला की ओल्या फडक्याने बांधायच्या, पण कण्हायच्या नाहीत. बाहेर ऐकू गेलं असतं.

शेवटच्या दिवशी सासूबाई स्वतः चहा घेऊन आल्या. चाचींच्या समोर बसून त्यांनी विचारलं, "माझ्या सुनंकडनं शिकलात का काय?"

चाचींनी मान वर केली नाही. "व्हय. हात लई चांगला हाय तिचा."

स्टँडवर त्यांना सोडायला गेले तेव्हा माफी मागायची होती, ती जमली नाही. त्यांनी फक्त खिडकीची जागा बघून द्यायला सांगितली.

लग्नात रुखवताचं पुन्हा कौतुक झालं. पळसदेवच्या एक नातेवाईक बाई तर आपल्या मुलीसाठी माझ्या मागेच लागल्या. त्या दिवशी मात्र मला ते सोसलं नाही. पाहुणे पांगल्यावर सासूबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या, तिथे जाऊन मी सगळं सांगून टाकलं, माझ्या लग्नातल्या गाडीपासून.

त्यांनी भाकरी उलटली. "मला ठावं हाय. चार दिस तू कात्री धरलीस ती उलटी."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"मी मुद्दाम इचारलं हुतं, खरं बोलत्याल म्हणून. बाई पक्की निघाली. तुझ्यापायी खोटं बोलत हुती. घरात राबणाऱ्या पाव्हणीला खोटं कसं पाडायचं?" मग तवा उतरवत म्हणाल्या, "आयतवारी बारामतीला जाऊ."

आम्ही गेलो. सासूबाई चाचींच्या खोलीत शिरल्या आणि कुणी बसा म्हणायच्या आधीच खाली बसल्या. "इहीणबाई, लई देखणं केलंत," एवढंच त्यांनी म्हटलं. चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मी 'सांगितलंय' अशी मान हलवली. तेव्हा त्या हसल्या, आणि म्हणाल्या की पोरगी हुशार आहे, पण हाताला काही येत नाही. पुढे दोघी गुडघ्यांबद्दल बोलत बसल्या. कोणतं तेल लावायचं, उतरताना आधी कोणता पाय टाकायचा. मी चहा केला. निघताना सासूबाईंनी त्यांचा सुजलेला अंगठा आपल्या हातात धरला आणि दारात उभ्या असेपर्यंत सोडला नाही.

त्या उन्हाळ्यात चाची गेल्या. आम्हाला पंधरा दिवस उशिरा कळलं. सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आणिक एकदा जायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या.

ती ज्वारी त्या दिवशी तशीच राहिली.