बिरामामांच्या फोनला बसणारा माग

यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाची लव कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. तरी सकाळी प्रत्येक फळीवर तिचा थर असतोच. किश्शांचेही तसेच. लोकसाहित्याचा अभ्यासक म्हणून मी आयुष्यभर इतरांचे किस्से टिपले. आपल्याच मंडळींचे असे साठतील, हे ध्यानीमनी नव्हते.

मंडळी म्हणजे श्रीनिवास आणि महादेवी हे दोन संगणक अभियंते, आणि त्यांच्या कामात नाक खुपसणारा मी. काम होते बिरामामांसाठी. सोलापूरजवळ कुंभारीच्या शिवारात उतरलेल्या या मेंढपाळाला एक लांबलचक धनगरी ओवी येते, जी आता दुसऱ्या कुणालाच येत नाही. मात्र माणसांपुढे बसून ती त्यांच्या ओठी येत नाही; मेंढरांमागे चालतानाच येते! म्हणून त्यांच्या खिशातल्या फोनसाठी अ‍ॅप हवे होते. मामांना अक्षरओळख नाही, तेव्हा एकच मोठे बटण: दाबले की ध्वनिमुद्रण सुरू, पुन्हा दाबले की बंद, आणि नेटवर्क मिळताच फाइल आमच्याकडे.

*

"मामा, नवा फोन घेऊन देतो," मी सुचवून पाहिले.

मामांनी आपल्या जुन्या फोनचे झाकण काढले, आतली बॅटरी काढली आणि कनवटीची दुसरी घातली.

"नव्यात असं करता येतं का?"

"नाही."

"मग रानात चार्जर काय बाभळीला लावू व्हय?"

विषय संपला!

*

अडचण अशी, की अ‍ॅप ज्या फ्रेमवर्कवर उभे राहते, त्याने इतक्या जुन्या फोनांना केव्हाच रामराम ठोकला होता. तेव्हा त्याचा सोर्स कोड उतरवून, त्यात जुन्या फोनपुरते बदल करून, अख्खे फ्रेमवर्क घरीच बिल्ड करायचे ठरले. घर श्रीनिवासाचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत; खाली यंत्रमाग, वर माडी.

"सर, अ‍ॅप म्हणजे टॉवेल आणि फ्रेमवर्क म्हणजे माग," त्याने मला समजावले. "तयार माग मामांच्या फोनला बसत नाही. म्हणून सुटे भाग आणून आपणच जोडायचा."

चहा घेऊन आलेल्या त्याच्या आईने एवढेच ऐकले.

"अय्यो, खाली एवढे माग आहेत! त्यातलाच एक देऊन टाक की त्यांना!"

*

सोलापूरच्या उन्हात संगणक तापून मंदावला, म्हणून श्रीनिवासाने खिडकी उघडून टेबल फॅन लावला. शेडच्या माडीवर असे करायचे नसते, हे विणकराच्या घरात कुणी शिकवावे लागत नाही; पण अभियंत्याला घाई होती. दुपारपर्यंत संगणकाचा पंखा लवेने घट्ट भरला आणि बिल्ड मध्येच बंद पडले. महादेवीने खोके उघडून आतून मूठभर कापूस ओढून काढला.

"सर, माग अजून व्हायचाय, टॉवेल आधीच झाला!"

*

मग मामाच एमआयडीसीत हजर झाले. चारा संपला होता; सोमवारी कळप हलणार होता. पुढचा मुक्काम कुठे, हे त्यांनाही सांगता येत नव्हते.

"मामा, दोन दिवस थांबा ना!" मी अक्षरशः गयावया केली.

"मी थांबतो की! मेंढरांस्नी तुमी सांगा."

*

त्या धांदलीत एक विलक्षण गोष्ट घडली. बिल्ड शेवटाला आले असताना महादेवी बोलून गेली, "झालंच की!" आणि पडद्यावर बिघाडाची लाल ओळ. पुढच्या खेपेस श्रीनिवास तेच बोलला. पुन्हा लाल ओळ. तेव्हापासून संगणक चालू असताना 'झालं' म्हणणे वर्ज्य ठरले. शब्दनिषेधावर मी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली आहेत. तो जन्माला येताना मात्र प्रथमच पाहत होतो!

"सर, ही अंधश्रद्धा नाही, एक्सपीरियन्स आहे," महादेवीने मला बजावले.

रविवारी सकाळी पडद्यावरच्या ओळी सरकायच्या थांबल्या. लाल काही नव्हते. पण तो शब्द उच्चारायचा कुणी? अखेर अक्कलकोटकडची महादेवी टाळी वाजवून ओरडली, "आयतु!"

"अगं, म्हणजे 'झालं'च ना?" श्रीनिवास दचकला.

"कन्नडमध्ये चालतं!"

*

सोमवारी कुंभारीच्या रानात मामांनी बटण दाबले, फोन बंडीच्या खिशात टाकला आणि कळपामागे चालू लागले. आम्ही माळावर उभे. बऱ्याच वेळाने महादेवीच्या फोनवर पहिली फाइल आली. घंटा, शीळ, आणि मग तो आवाज! पहिले नमन बिरोबाला, दुसरे धरतीला, तिसरे गुरूला. आणि पुढे:

"चवथं नमन गा माझं, माडीच्या सिरीनिवासाला,
बोलका डबा दिला त्यानं रानच्या वाटसराला.
पाचवं नमन गा माझं, म्हादेवी लेकीला,
गळ्याची वाट दावली तिनं दूरच्या गावाला."

श्रीनिवास आणि महादेवी एकमेकांकडे पाहतच राहिले. मी वयाचे भान सोडून ढेकळांतून धावलो आणि धापा टाकत कळप गाठला.

"मामा, हे नमन तुम्ही आज जोडलंत?"

मामा थबकले. चेहऱ्यावर स्पष्ट नाराजी.

"जोडतोय कशाला, सर? आज्ज्यानं दिलं तसंच म्हनतोय की! एक अक्षार हिकडचं तिकडं न्हाय!"