पुढचा हुक

काल दसऱ्याला मुलानं चाकणहून नवा ट्रक आणला. पूजेसाठी झेंडूचा हार हातात घेतला आणि त्या उग्र वासासरशी मी भोसरीतल्या आमच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पोचले.

तिथे ह्यांनी लिलावात घेतलेला लष्कराचा ट्रक उभा होता. हे लष्करात ड्रायव्हर होते. ट्रकला पिवळा रंग दिला तरी दाराच्या कडेला हिरवा डोकावायचाच. बाकी सगळं बदललं, पण पुढचा जाडजूड हुक काही काढू देईनात.

"आता खडी वाहायचीय, लढाईला नाही जायचं," मी हसले.

"अगं, चिखल दोन्हीकडं सारखाच. गाडी रुतली की मागनं येणारा पुढं येऊन थांबतो, दोर लावून वढून काढतो. आपल्याला हुक पायजे फक्त."

मग शेजारचे खडीवालेही तसलाच हुक बसवून घ्यायला ह्यांच्याकडे येऊ लागले.

कालच्या ट्रकला तो हुक कंपनीतूनच आला होता. हे गेल्यानंतरची ही पहिलीच गाडी.

"आई, हार काचेवर घाल ना," मुलगा म्हणाला.

मी हुकालाच अडकवला. हात रुतल्यासारखा तिथून निघेना. मुलाला वाटलं, मी नमस्कार करतेय. मी मागून येणाऱ्याची वाट बघत होते.