सीलबंद उत्तरार्ध

तुमच्या आजोबांचं चित्रपटांचं कपाट मी अजून हलवलेलं नाही. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसते, बस. पत्र्याच्या डब्यातले, मखमली अस्तराचे, पुस्तकासारखे उघडणारे असे ते डीव्हीडींचे खास संच. मोजकेच काढलेले आणि प्रत्येकावर क्रमांक छापलेला. आत जुन्या पोस्टरांची चित्रं आणि छोटी पुस्तिका. क्रमांकावर बोट फिरवत आजोबा म्हणत, "हा नंबर दुनियेत दुसऱ्या कुणाकडं नाय." लहानपणी पिशोरच्या बाजारात तंबूतला सिनेमा यायचा आणि तंबू हलला की जमिनीत खुंट्यांची भोकं तेवढी उरायची. हातात काहीच राहत नसे, हे त्यांना फार लागलं असावं.

त्यातला एक डबा त्यांनी कधीच उघडला नाही. वरचा पारदर्शक कागदसुद्धा काढू दिला नाही.

लग्नानंतर आम्ही पिशोरहून शहरात साड्या घ्यायला आलो आणि उरलेल्या वेळात त्या डब्यातल्या चित्रपटाला बसलो. मधेच वीज गेली, खेळ लांबला. थोरला मुलगा बापाशी भांडून रेल्वेत चढतो, तिथं मध्यंतर झालं आणि आम्हाला शेवटच्या एसटीसाठी पळावं लागलं. कन्नड गाव येईपर्यंत उभ्यानेच आमचा वाद चालला. मी म्हणाले, तो परत येणार नाही, मानी आहे. ते म्हणाले, "येतो. घर सोडून जातंय कुठं माणूस?"

पुढच्या आठवड्यात चित्रपट बदलला. टीव्हीवर लागला तेव्हा गावात वीज नव्हती. पुढे आम्ही शहराला लागून पडेगावला घर बांधलं, भोवतीच्या ज्वारीच्या रानांचे प्लॉट झाले, ते चित्रपटगृह पाडून तिथं दुकानांची इमारत आली. वाद मात्र जागेवरच होता. मी शाळेत इंग्रजी शिकवायची म्हणून ते चिडवायचे, "मास्तरीणबाई, पोरगं स्टेशनावर उतरलं बरं का!"

"परतीचं तिकीटच नव्हतं त्याच्याकडे," मी म्हणायची.

मग तो चित्रपट अशा खास डब्यात निघाला आणि त्यांनी मागवला. मी कात्री आणली, तर माझा हात धरला. "आत्ता नाय. पोरं आली की सगळ्यांनी मिळून." तो फोनवर बघता येतो असं तुम्ही त्यांना सांगितलं होतं, आठवतं? "मग लग्नंबी फोनातच लावा!" म्हणाले होते.

त्या मे महिन्यात तुम्ही येणार होतात. दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला आठवड्याने पाणी यायचं. बैठकीत पिंपं मांडली होती म्हणून डबे वरच्या फळीवर गेले होते. आजोबांनीच तुमच्या बाबांना फोन केला, "औंदा नको येऊ रं. लेकरांचे लई हाल व्हतील. पाऊस पडू दे, मग ये." फोन ठेवला आणि बराच वेळ ते त्या फळीकडे बघत बसले. पुढच्या वर्षीही असाच फोन झाला.

चांगला पाऊस पडला तेव्हा ते नव्हते. तुमचे बाबा धावत आले, सगळं केलं आणि परत गेले. डब्याचं कुणाला सुचलं नाही.

गेल्या आठवड्यात मी तो उघडला. कागद कडक झाला होता, हात लावताच तडकला. पडद्यावर मध्यंतराची पाटी आली आणि माझे पाय आपोआप चपला शोधू लागले. बसून राहिले.

थोरला परत येतो. अगदी शेवटी, हातात पेटी घेऊन दारात उभा राहतो. आत बापाच्या फोटोला हार घातलेला असतो.

मी शेजारच्या खुर्चीकडे वळले. "आला की नाय?" असं ते म्हणाले असते. मी म्हणाले असते, "याला येणं म्हणतात का?" आणि उरलेलं आयुष्य त्यावर सहज निघालं असतं.

सध्या नळाला बरं पाणी येतं. डबा खालच्या फळीवर ठेवला आहे.