वहिनीला आव काऊन लागत नाही

घरातल्या सगळ्यांना आव लागली आणि एकट्या वहिनीला लागली नाही, तिथून संशय सुरू झाला.

वहिनी चिचगडकडची, जंगलपट्टीतली. दादाशी लग्न होऊन तिचा आमच्या घरी हा पहिलाच पावसाळा. धानाचा रोवणा आटोपला नि एकेक जण लोटा घेऊन धानाच्या शेताकडं, बांधीकडं पळू लागला. पहिले बाबा, मग दादा, मग माय, मग मी. पोटात मुरडा, चिकट शेंब, कधी रक्त. आणि ही बाई अंगणात ठणठणीत उभी राहून धान कांडून राहिली.

शेजारणीनं मायच्या कानात घातलं, ज्या घरी सारे पडतात नि एकच उभी राहते, तिथं त्या एकीकडं पाहावं. माय पाहू लागली. मीही. वहिनी चुलीपुढं काय पुटपुटते, विंचरलेले केस कुठं टाकते. मला नकलांचा नाद. पदर दातात, मान बगळ्यासारखी पुढं, अशी मायची पाळत मी करून दाखवायचो आणि दादा हसता हसता पोट धरून बांधीकडं धावायचा.

एक गोष्ट मात्र खरंच सापडली. वहिनी आमच्या घरचं पाणी पीतच नव्हती. चुलीच्या कडेला तिचं वेगळं गाडगं, त्यात तांदळाची पातळ पेज. तहान लागली की तीच. मायनं दरडावून विचारलं तर म्हणाली, माहेरी आम्ही पेजच पितो, आणि तुमच्या विहिरीच्या पाण्याला वास येते. झालं. बाबांनी ठरवलं, अंगात बळ आलं की गाडी जुंपायची नि हिला माहेरी सोडायचं. परत कधी आणायचं ते काही बोलले नाहीत. दादा खाली मान घालून बसला.

मी गोंदियाच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरानं माझी आव सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली पाहिली, औषधाची बाटली दिली आणि जे सांगितलं ते मी घरी येऊन त्याच्याच नाकातल्या आवाजात सांगितलं, "पानी में कीड़ा है, आँख से नहीं दिखता. किसी का मैला कुएँ में उतरता है. उबाल के पियो."

कोणी हसलं नाही.

"दिसत नाही त त्याले कसा दिसला?" बाबा म्हणाले. "आनि तू काऊन वहिनीकडून बोलून राहिला?"

म्हणजे आता मीही संशयित. मी म्हटलं, आपण बसतो ती बांधी विहिरीच्या वर, विहिरीला कठडा नाही, पाऊस आला की सारं आतच जाते. बाबा म्हणाले, आजे-पणजे हेच पाणी प्याले. त्यातले किती पोटानं गेले, ते मी विचारलं नाही.

बाटलीनं सगळ्यांची आव थांबली. पाणी तेच, म्हणून थोड्या दिवसांत बाबांची नि दादाची पुन्हा सुरू झाली, माझीही. बाबा म्हणाले, डॉक्टर चोर. मायची मात्र झाली नाही. कारण मायनं वहिनीला रंगेहाथ पकडायचं मनावर घेतलं होतं. गाडगं ताब्यात घेतलं, डोळ्यांसमोर पेज रांधवली आणि स्वतः पिऊ लागली. पाण्याचा थेंब नाही. दुसरं काही पोटात गेलं तर दोष कोणाचा ते कसं कळंल, असं तिचं म्हणणं. विष चढायची वाट पाहता पाहता तिच्या गालावर मांस आलं.

एका सकाळी बाबांनी बैल जुंपले. वहिनी गाठोडं घेऊन दारात आली. मायनं तिला हाताला धरून चुलीपुढं बसवलं.

"पेज कोन रांधन?"

"तूच त म्हनत होती, हिनं काही केलं," बाबा म्हणाले.

"अजूनबी म्हनते. म्हनून त डोळ्यापुढं पायजे."

दादानं बाबांना विचारलंसुद्धा नाही, बैल सोडले. मायनं मोठा पितळी गंज भरून विहिरीचं पाणी चुलीवर चढवलं. डॉक्टरावर विश्वास होता म्हणून नाही, उकळल्यावर वर काय तरंगते ते तिला पाहायचं होतं. बराच वेळ बुडबुड झाली, तरंगलं काहीच नाही. थंड झाल्यावर तिनं पेला भरून बाबांपुढं धरला. बाबांनी वास घेतला, उजेडात धरून पाहिला, पहिले मायकडं पाहिलं, मग वहिनीकडं, मग माझ्याकडं, आणि नाक दाबून एका दमात पिऊन टाकला.