खटकेबाईंची दुसरी वही

खटकेबाई कोणालाही माफ करत नसत. आमच्या ठाण्याच्या डेटा एंट्रीच्या हॉलमधल्या एका सुपरवायझरने त्यांना एकदा सगळ्यांदेखत ‘हळूबाई’ म्हटलं होतं. त्या गोष्टीला पुढे कित्येक वर्षं झाली, तो बिचारा रिटायर झाला, टक्कल पडलं, तरी दर संक्रांतीला त्याने पुढे केलेला तिळगूळ बाई त्याच्याच हातात परत ठेवायच्या आणि म्हणायच्या, “गोड बोलणार नाही, मग खाऊ कशाला?” मला हे फार आवडायचं. मीही काही संतमहात्मा नाही.

खटकेबाई हे नाव आम्ही हॉलमधल्या मुलींनी पाडलं. जुन्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली एक छोटा खटका असतो. वरची टोपी उपटली की त्याची दांडी दिसते; कोणाची पांढरी, कोणाची निळी, कोणाची काळी. दांडीचा रंग, आतली धातूची पट्टी आणि आवाज यांवरून तो कोणत्या जातीचा ते ओळखायचं. बाई हॉलच्या दाराबाहेर चप्पल काढता काढता नुसत्या आवाजावरून मला सांगायच्या, “अगं वैजू, तुला आज खिडकीतला कीबोर्ड दिलाय वाटतं. पांढरे खटके आहेत. बोटं दुखतील संध्याकाळी.” आणि दुखायची! मेली कधी चुकायचीच नाही, असं आम्ही प्रेमाने म्हणायचो.

नोकरी सुटल्यावर त्यांनी डोंबिवली पूर्वेच्या आपल्या दोन खोल्यांत जुने कीबोर्ड जमवायला सुरुवात केली. एमआयडीसीतली एखादी कंपनी बंद पडली की कल्याणचा भंगारवाला आधी बाईंना फोन करायचा. गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. शेजारीण म्हणाली, “अहो, हे कोण वापरणार?” तिच्याशीही बाई पुढे बोलल्या नाहीत.

त्यांच्या दोन वह्या होत्या. पहिलीत वरून जे दिसतं ते लिहायचं. मग खटका उघडायचा, दांडी बाहेर काढायची, भिंगाखाली धरायची आणि खरं काय ते दुसरीत लिहायचं. “उघडल्याशिवाय नाव घ्यायचं नाही,” हे त्या इतक्यांदा म्हणायच्या, की मला फळवाल्याकडची आंब्याची पेटीसुद्धा उघडून बघायची सवय लागली. पहिली वही टेबलावर असायची. दुसरी कपाटात, साड्यांखाली.

एकदा एका बंद पडलेल्या ऑफिसातून एक कीबोर्ड आला. टोप्या गायब, दांड्या पिवळ्याधमक. तसा पिवळा कुठल्याच यादीत नव्हता. बाईंनी एक खटका दाबला, कान लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “रंग पिवळा, पण बोलतोय पांढऱ्यासारखा.” पहिल्या वहीत लिहिलं: पिवळा, आवाज कडक, कुठे नोंद नाही. उघडायचं काम रविवारवर ठेवलं. आणि शनिवारी तो आला.

त्याचं नाव मी लिहिणार नाही, फुकटची जाहिरात नको. ठाणेकर म्हणू. जुन्या कीबोर्डचे व्हिडिओ करायचा. बाईंच्या हातचे पोहे खाल्ले, दोनदा मागून खाल्ले, बाई चहा टाकायला उठल्या तेव्हा पहिल्या वहीच्या पानापानाचे फोटो काढले, आणि जाताना म्हणाला, “काकू, हा पिवळा दोन दिवस नेऊ? नीट फोटो काढतो.” दोन दिवस काही संपले नाहीत. महिन्याभराने बाईंची सगळी वही त्याच्या वेबसाइटवर, त्याच्या नावाने. पिवळ्या खटक्याला तर त्याने स्वतःचं आडनाव दिलं होतं. जगातला एकमेव नमुना म्हणे! बाईंचं नाव कुठे? कुठेच नाही.

माझं डोकं फिरलं. “बाई, आत्ताच्या आत्ता ठाण्याला जाऊ, कॉलर धरते त्याची.” बाई शांतपणे लसूण सोलत होत्या. त्यांनी त्या ऑफिसचा जुना शिपाई शोधून काढला होता. तो म्हणाला, “दिवाळीच्या साफसफाईत मी टोप्या उपटून साबणाच्या पाण्यात घातलेल्या. कीबोर्ड गच्चीवर उन्हात ठेवला आणि विसरलो. टोप्या हरवल्या, तो मात्र तिथेच राहिला वर्षानुवर्षं.” बाई मला म्हणाल्या, “उन्हाने पिवळा पडलाय गं तो. आत पांढरा असणार. पांढरे तर डोंबिवलीत पोत्याने मिळतात.”

“मग सांगू या ना सगळ्यांना!”

“उघडलाय का मी? नाही. मग कसं सांगू? आणि थांब जरा. अजून मिरवू दे त्याला. चारचौघांत मिरवला, की चारचौघांत उतरवता येतं.”

बाई थांबल्या, पण त्यांचं हृदय तेवढा धीर धरायला तयार नव्हतं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्यांनी पर्समधून आपला टोकदार चिमटा काढून माझ्या हातात दिला. “तू जा. भांडू नकोस, तुझा आवाज चढतो. फक्त म्हण, उघडून दाखवा.” मी रडायला लागले तर चिडल्या. “माझं नाव घ्यायला लाव त्याला. मग रड.”

बाई गेल्या त्यानंतर दोन महिन्यांनी ठाण्यात एका हॉलमध्ये त्याचं प्रदर्शन लागलं. काचेच्या पेटीत पिवळा कीबोर्ड, मागे मोठा पडदा, समोर भरलेल्या खुर्च्या. बाकीचे खटके उघडून पडद्यावर दाखवत तो बोलत होता; मी त्याला मनसोक्त बोलू दिलं. मग उभी राहिले. आत खरंच पिवळा निघाला तर? बाईंनाही खात्री नव्हती.

“उघडून दाखवा,” मी म्हटलं.

“ताई, इतकी दुर्मीळ वस्तू उघडत नसतात.”

पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “का नाही? बाकीचे उघडलेत की तुम्ही. हाही दाखवा.”

मी स्टेजवर जाऊन चिमटा पुढे केला. सगळे बघत होते, करतो काय! त्याने खटका उघडला, दांडी उपसली. पडद्यावर ती हाताएवढी दिसत होती. वरचं टोक पिवळं आणि खाली दुधासारखी पांढरी. तो म्हणाला, “एखादा असतो असा.” मी म्हटलं, “मग दुसरा उघडा.” दुसरा पांढरा. तिसरा पांढरा. मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग हॉलभर हशा पिकला. मला इतकं बरं वाटलं! खोटं कशाला बोलू, जन्मात तेवढं बरं वाटलं नव्हतं.

“कोणी सांगितलं तुम्हाला?” त्याने हळूच विचारलं.

“ज्यांच्या वहीचे फोटो काढलेत त्यांनी. नाव घ्या. माईकवर.”

त्याने घाम पुसला. “शालिनी वामन खांबेटे,” तो म्हणाला. मी म्हटलं, मागे ऐकू गेलं नाही. त्याला परत म्हणावं लागलं. मग मी तो कीबोर्ड काखोटीला मारला आणि निघाले. कोणी अडवलं नाही.

घरी येऊन बाईंनी माझ्याकडे सोपवलेली दुसरी वही उघडली. त्या कीबोर्डचं पान बाईंनी कोरं ठेवलं होतं, वर फक्त नंबर. त्याखाली मी लिहिलं: पांढरा. उघडून पाहिला.

संक्रांतीला ठाणेकर माझ्या दारात. झब्बा घालून, हातात तिळगुळाचा डबा. “झालं गेलं विसरा, ताई. वेबसाइटवर बाईंचं नाव टाकलंय मी. त्या दिवशी बाई बोलल्या होत्या ती दुसरी वही एकदा बघायला मिळेल का?” चेहरा खरंच उतरला होता त्याचा. दुसरी कोणी असती तर विरघळली असती.

मी डबा घेतला, त्याच्याच हातात परत ठेवला. “गोड बोलणार नाही, मग खाऊ कशाला?”

दार लावलं. आवाज अगदी बाईंसारखा निघाला होता. मग मात्र दाराला टेकून मी खूप रडले.